नॅनोजेलवालं हळदीचं फेस जेल, सहा आठवडे लावून बघितलं (तीन स्टार)

आधीच सांगून टाकते, तीन स्टार दिलेत ते जेलला दिलेत, नॅनोला नाही. का ते खाली येईल. रिव्ह्यू लांबलचक होणारे कारण या विषयात मी एम.फार्मची दोन वर्षं घातलीयेत आणि घरी कुणी ऐकून घेत नाही, मग तुम्हीच ऐका.

झालं असं की नणंदेचं लग्न महिन्यावर आलं आणि मोबाईलवर सारखी एकच जाहिरात दिसायला लागली. एक पिवळा चकचकीत गोळा कातडीतून पोहत पोहत खाली जातो, पेशीपाशी पोचतो, पेशी दार उघडते, गोळा आत जाऊन फुटतो आणि सगळीकडे उजेड. खाली मराठीत लिहिलेलं, हळदीची ताकद थेट पेशीच्या आत, नॅनोजेल टेक्नॉलॉजी, पेटंटेड. दुसऱ्या कुणी बोटाने वर सरकवून दिलं असतं, पण मी दोन वर्षं हाच गोळा बनवायला धडपडत होते, त्यामुळे मोह म्हणा नाहीतर खाज म्हणा, ऑर्डर टाकली. ३० ग्रॅमची पंपाची बाटली, एमआरपी ८९९, कुपन लावून ६४९ ला पडली.

आईला फोनवर सांगितलं तर ती दोन सेकंद गप्पच. आम्ही सांगलीचे. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात तिथून आमचं घर चालत पंधरा मिनिटं, हरिपूरला हळदीची पेवं बघायला लहानपणी बाबा सायकलवर न्यायचे, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या-त्या भागाच्या मालाला मिळणारं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हा काकांनी पेढे वाटले होते. "अगं, इथे हळदीच्या ट्रकमागे शिंका देत आम्ही रस्ता ओलांडतो आणि तू साडेसहाशे देऊन बाटलीतनं मागवतेस होय?" मी म्हटलं आई ही साधी हळद नाही, नॅनोजेलमधली आहे. "बरं बाई, लाव."

ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये. माझी एक बाटली, माझा एक चेहरा आणि स्वयंपाकघरातले प्रयोग, एवढ्यावर कुणाचं नाव घेणं बरोबर नाही. आणि खरं सांगायचं तर या धर्तीची अजून चार-पाच जेलं बाजारात आहेत, कुणी ग्रीन टी म्हणतं, कुणी द्राक्षाच्या बियांचा अर्क, जाहिरातीतला गोळा सगळ्यांचा एकच, रंग तेवढा बदलतो.

वापराचं आधी. जेल हलकं आहे, चिकट नाही, दोन पंप पूर्ण चेहऱ्याला पुरतात, वाळलं की कातडी ओढल्यासारखी होत नाही. वास जवळजवळ नाहीच, हळदीचा तर अजिबात नाही, थोडा काकडीसारखा. पुण्यातल्या कोरड्या फेब्रुवारीत गालावरचे पांढरे चट्टे पहिल्याच आठवड्यात कमी झाले, पण तसे ते साध्या ग्लिसरीननेही होतात आणि घटकांच्या यादीत पाण्यानंतर दुसरा नंबर ग्लिसरीनचाच आहे. ग्लो वगैरे म्हणाल तर पहिले चार दिवस ऑफिसात दोघांनी विचारलं की काय लावतेस, तिसरीने विचारलं की कावीळ झालीय का. पिवळेपणा राहतो हो. रात्री लावून झोपलं की सकाळी उशीच्या अभ्र्यावर माझ्या गालाचा नकाशा. नवऱ्याने स्वतःची उशी वेगळ्या बाजूला सरकवली, सहा आठवडे ती तिकडेच आहे.

मुरुमाचे जुने डाग होते हनुवटीवर तीन, ते आहेत तसे आहेत.

आता मुद्द्याचं. नॅनोजेल म्हणजे नक्की काय, आणि बाटलीत जे हाताला लागतं ते नॅनोजेल आहे का. इथे सगळ्यांचा घोळ होतो, आणि कंपनीला तो झालेला हवाच आहे असा माझा संशय. जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारी जाळी. लांब लांब रेणूंचे धागे एकमेकांना जागोजागी बांधलेले, आणि त्या जाळ्यात पाणी अडकलेलं. जेली घ्या, कॉन्टॅक्ट लेन्स घ्या, सगळं तेच. सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्सची गोष्ट तर फार गोड आहे, प्रागमधल्या ओटो विख्टर्ले नावाच्या केमिस्टने १९६१ च्या नाताळात घरीच, मुलांच्या मेर्कूर नावाच्या जोडाजोडीच्या खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो वापरून एक यंत्र जुळवलं आणि त्यावर पहिल्या लेन्स फिरवून काढल्या. तर ते हायड्रोजेल. नॅनोजेल म्हणजे हीच जाळी, पण तिचा एकेक मणी इतका बारीक की दीडशे नॅनोमीटरचा धरला तर केसाच्या जाडीत पाचेकशे मणी ओळीने बसतील. सब्जा भिजवल्यावर प्रत्येक बीभोवती जेलचा फुगा येतो ना, तसा फुगा डोळ्यासमोर आणा, बी काढून टाका, आणि तो फुगा सूक्ष्मदर्शकाखालीही दिसणार नाही इतका लहान करा. १९९३ मध्ये क्योटोमधल्या आकियोशी आणि सुनामोतो यांनी एका साखरेच्या पॉलिमरला, म्हणजे अशाच लांब धाग्याला, कोलेस्टेरॉल चिकटवून पाण्यात आपोआप गोळा होणारे वीस-तीस नॅनोमीटरचे मणी केले होते, आणि १९९९ पासून व्हिनोग्रादोव्ह आणि काबानोव्ह यांच्या कामामुळे नॅनोजेल हा शब्द रुळला.

म्हणजे बाटलीतून बोटावर येतं ते जेल वेगळं आणि त्यात तरंगणारे न दिसणारे जेलचे मणी वेगळे. पहिलं तर शेविंग जेलमध्येही असतं. दुसरं आहे की नाही हे बोटाला, नाकाला, डोळ्याला कशालाच कळत नाही. सगळा धंदा इथेच आहे.

हळदीला ही भानगड लागते का, तर लागते, ते खोटं नाही. हळदीत साधारण ३ टक्के कर्क्युमिन, म्हणजे तिला पिवळं करणारा भाग, आपल्या वायगावच्या हळदीत जास्त. हे कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. नुसतं खाल्लं तर रक्तात नावापुरतं सापडतं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या लोकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिऱ्यातला तिखट भाग, देऊन बघितला तर रक्तातलं प्रमाण वीसपट झालं. हळदीच्या दुधात मिरपूड टाका असं आता सगळे सांगतात त्याचं मूळ हेच. पुन्हा कर्क्युमिन नाजूक इतकं की शरीराच्या तापमानाच्या आणि रक्ताइतकाच पीएच (आंबटपणाचं माप, सातच्या खाली आंबट, वर क्षार) धरून ठेवणाऱ्या साध्या पाण्यात, म्हणजे बफरमध्ये, ठेवलं तर अर्ध्या तासात ९० टक्के मोडून जातं. उजेडात मोडतं, चुन्यात मोडतं. अशा माणसाला पेशीपर्यंत न्यायचं तर डोलीतूनच न्यावं लागणार.

डोली आत कशी जाते तर पेशी स्वतःच तिला गिळते. पेशीचा पापुद्रा वरून ऋण भाराचा, मणी धन भाराचा असला की चिकटतो, पापुद्रा आत वळतो, मण्याभोवती पिशवी तयार होते आणि ती पिशवी आत ओढली जाते. पुढे पिशवीतलं वातावरण आंबट होत जातं, पीएच पाचाच्याही खाली, तिथे काही मणी फुगतात आणि आतला माल सोडतात. काही जणांनी जाळ्याच्या गाठी गंधकाच्या बांधलेल्या असतात, त्या पेशीबाहेर शाबूत राहतात पण पेशीत ग्लुटाथायोन नावाचं एक रसायन बाहेरच्यापेक्षा हजारपट असतं, ते गाठी सोडवतं. मला अजूनही हे सगळं वाचताना मस्त वाटतं. म्हणजे जाहिरातीतला गोळा अगदीच हवेतला नाही, प्लास्टिकच्या डिशमधल्या पेशींवर हे होतं, मी स्वतः हिरवे चमकणारे पेशींचे फोटो काढलेत कारण कर्क्युमिन स्वतःच चमकतं, वेगळा रंग लावावा लागत नाही.

माझा प्रोजेक्ट कायटोसनचा होता. कायटोसन म्हणजे कोळंबी-खेकड्याच्या टरफलातून काढलेला पदार्थ, नुसत्या पाण्यात विरघळत नाही, ॲसेटिक ॲसिड लागतं, म्हणून आमच्या लॅबला कायम व्हिनेगरचा वास आणि माझ्या बोटांना कायम हळद, मेसच्या मावशी विचारायच्या हळद रोजच लागते का तुला, लग्न कधीय. पद्धत स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलाच्या ग्रुपची, १९९७ ची, जगभरातली पोरं तीच करतात. मॅग्नेटिक स्टरर चालू ठेवायचा आणि कायटोसनमध्ये टीपीपी नावाच्या फॉस्फेटचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. पहिले कितीतरी थेंब काहीच होत नाही. मग एका थेंबाला अख्ख्या बीकरला निळसर दुधी झाक येते, तांदूळ धुतलेल्या तिसऱ्या पाण्यासारखी, आणि तेव्हा हात थांबवायचा. मोह झाला आणि आणखी थोडं सोडलं की दूध फाटल्यासारखे लोंबके तळाशी. त्या एका झाकेसाठी मी रात्री साडेअकराला वॉचमन काकांना चहा पाजलेला आहे. आणि झाक आली म्हणजे झालं असंही नाही, चार दिवस टिकली पाहिजे, मणी एकमेकांना चिकटायला नकोत.

तर अशी सगळी पार्श्वभूमी असलेली बाई बाटलीच्या मागची यादी वाचायला बसली. पाणी, ग्लिसरीन, कार्बोमर, पॉलिसॉर्बेट ८०, हळदीच्या मुळाचा अर्क, कायटोसन, व्हिटॅमिन ई, ट्रायइथेनॉलअमाइन, फिनॉक्सिइथेनॉल. कायटोसन बघून आधी मी खूश झाले, मग दोन मिनिटांनी कपाळाला हात लावला. कार्बोमर, म्हणजे जेलला घट्टपणा देणारा पदार्थ, ऋण भाराचं, कायटोसन धन भाराचं. हे दोघं एका भांड्यात आले की मिठी मारतात आणि गुठळ्या होतात. शिवाय कार्बोमर घट्ट व्हावं म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन टाकून पीएच वर नेतात, आणि कायटोसन साडेसहाच्या वर गेलं की त्याचा भारच जातो, मग ना ते विरघळलेलं राहतं ना मणी वेगळे राहतात. भावाच्या फिश टँकच्या पीएच पट्ट्या होत्या, जेलला लावली, सातच्या जवळ आली. मग काचेच्या स्लाइडवर, म्हणजे फोटो फ्रेमच्या काचेवर, जेलचा पातळ थर पसरून उजेडासमोर धरला. बारीक बारीक पांढुरके कण. रव्यासारखे नाही, त्याहून लहान, पण डोळ्याला दिसणारे. नॅनो वस्तू डोळ्याला दिसत नाही एवढं तर सगळ्यांना मान्य व्हावं. आता हे कण कायटोसनचेच की आणखी कशाचे हे मी काचेवरून सांगू शकत नाही, पण माझे पैसे गुठळ्यांवर.

अजून एक, खोक्यावर हिरवा ठिपका आहे. कायटोसन बुरशीपासूनही करतात, तसं असेल तर ठिपका बरोबर, पण मग तसं लिहा ना राव. सासूबाई कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात खात नाहीत, त्यांना मी हौसेने लावायला दिलं होतं, यादी वाचल्यावर गुपचूप बाटली परत माझ्या कपाटात. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनीही हे वाचून घ्यावं.

मग ओट्यावरचे प्रयोग. पहिला आजीच्या चुन्याच्या डबीचा. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं हे आपल्याकडे पोरासोरांना माहीत असतं, कर्क्युमिनला क्षार लागला की ते लाल होतं आणि मोडायला लागतं, साबणाने हळदीचा डाग लाल होतो तोही त्यामुळेच. स्टीलच्या ताटात तीन ठिपके, पाण्यात कालवलेली हळद, तेलातली हळद, आणि हे जेल. तिन्हीवर चुन्याच्या निवळीचा एकेक थेंब. पाण्यातली हळद पापणी लवायच्या आत लाल, तेलातली कडेकडेने हळूहळू, आणि जेल मधेच कुठेतरी, आधी नारिंगी, मग दोनेक मिनिटांनी विटकरी. म्हणजे कर्क्युमिन कशाच्या तरी आडोशाला आहे हे नक्की. नवरा तोवर चहा करायला आला होता, म्हणाला हे काय, सत्यनारायण आहे का आज.

दुसरा प्रयोग नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चचा. खाली दुकानदार काकांची पाच मिनिटं मागून आणली. पाण्यातली हळद अंधारात जेमतेम दिसली, जेल मात्र पोपटी-पिवळं झगझगलं, बाथरूममध्ये दिवा बंद करून मी एकटीच हसत उभी. कर्क्युमिन पाण्यात असलं की त्याची चमक मरते आणि तेलकट कोनाड्यात बसलं की खुलते. इथे कंपनीला पूर्ण मार्क, हळद नुसती कालवून ढकललेली नाही, नीट विरघळवलीय. एक चमचा पाण्यात थोडं जेल ढवळून ठेवलं तर दुसऱ्या दिवशीही पिवळा साका खाली बसला नव्हता. साधी हळद अर्ध्या तासात बसते.

पण तेलकट कोनाडा पॉलिसॉर्बेट ८० सुद्धा देतं. ते साबणासारखं काम करतं, पाण्यात त्याचे दहाएक नॅनोमीटरचे पुंजके होतात आणि कर्क्युमिन त्यांच्या पोटात बसतं. त्याला मिसेल म्हणतात, नॅनोजेल नाही म्हणत. त्यात जाळी नाही, गाठी नाहीत, पाणी घालून पातळ केलं की विस्कटू शकतात. लॅबमध्ये कुणी मिसेलला नॅनोजेल म्हटलं असतं तर आमच्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला असता, आणि सरांनी चष्मा काढला की पोरं कॅन्टीनला जायची.

मैत्रीण अजून पीएचडीत अडकलेली आहे, तिला बाटलीतलं थोडं एका बारक्या डबीत घालून दिलं. तिने तिचं काम संपल्यावर रात्री डीएलएसवर लावलं, म्हणजे पाण्यात नाचणारे कण किती जोरात नाचतात त्यावरून आकार काढायचं मशीन. तिने ग्राफचा फोटो पाठवला, दोन टेकड्या, एक दहा-बारा नॅनोमीटरला, दुसरी मायक्रॉनच्या, म्हणजे हजार नॅनोमीटरच्या, पलीकडे, आणि शंभर ते दोनशेच्या मधे, जिथे कायटोसनचे मणी असायला हवेत, तिथे सपाट मैदान. खाली तिचा मेसेज, "बाई गं, हे टीन एटी आहे आणि कचरा आहे." टीन एटी म्हणजे वर लिहिलेलं पॉलिसॉर्बेटच, लॅबमध्ये ट्वीनचं टीन होतं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर एकच सॅम्पल, ते शंभरपट पातळ केलेलं, कार्बोमर मधे लुडबुड करतं, आणि मोठे कण असले की मशीनला लहान नीट दिसत नाहीत. कोर्टात उभं राहायचा पुरावा नाही हा. पण माझी खात्री झाली.

कस्टमर केअरला फोन केला. खूप गोड मुलगी, मराठीतच बोलली. मी विचारलं, मॅडम यातल्या नॅनोजेलची पार्टिकल साइज किती आहे? ती म्हणाली, "मॅम ३० ग्रॅम आणि ५० ग्रॅम, ५० वर सध्या ऑफर आहे." मी म्हटलं नाही हो, कणाचा आकार. ती म्हणाली एक मिनिट हं होल्ड करा, मग दीड मिनिट बासरी, मग म्हणाली एकदम स्मॉल आहे मॅम. तिची काही चूक नाही, तिला कागदावर जे दिलंय ते ती वाचणार. पेटंट नंबर विचारला तर म्हणाली वेबसाइटवर असेल. नाहीये, मी बघितलंय. पेटंट या शब्दाने मला तशीही हळदीच्या बाबतीत जरा चीड येते, १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद लावायचं पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला दिलं गेलं होतं आणि आपल्या माशेलकर सरांच्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी संशोधन संस्थेने, जुने संस्कृत, उर्दू, हिंदी कागद दाखवून १९९७ मध्ये ते रद्द करून आणलं, हे आमच्या शाळेत सरांनी असं सांगितलं होतं की जणू वर्ल्ड कपच जिंकलो. त्यामुळे हळदीवर पेटंटेड लिहायचं तर नंबर टाका, आम्ही वाचू.

बरं, समजा उद्या खरोखरचे दीडशे नॅनोमीटरचे उत्तम मणी कुणी भरले, तरी "थेट पेशीच्या आत" म्हणजे कुठल्या पेशीच्या? चेहऱ्याचा सगळ्यात वरचा थर १० ते २० मायक्रॉनचा, आणि तो मेलेल्या पेशींचा. मेलेली पेशी काही गिळत नाही. त्याखाली जिवंत पेशी आहेत पण तिथवर जायला वाट अवघड, म्हणून तर औषधवाल्यांकडे ५०० डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) जुना ठोकताळा आहे, त्याहून जड रेणू अखंड कातडीतून सहसा जात नाही. गंमत अशी की एकटं कर्क्युमिन ३६८ डाल्टनचं आहे, ते या फाटकातून वजनाच्या हिशोबाने जाऊ शकतं, आणि त्याला ज्या डोलीत बसवलंय ती डोली त्याच्यापेक्षा लाखोपट अवजड. मणी केसांच्या मुळाशी जाऊन साठतात, तिथे हळूहळू माल सोडतात, त्याचा उपयोग होऊ शकतो, ते खरं आहे. पण मग जाहिरात तशी करा, गोळा केसाच्या भोकात जाऊन बसलाय आणि वाट बघतोय. नाही विकलं जाणार, मला कळतं.

डिशमधल्या पेशींचं वेगळं असतं, त्या बिचाऱ्या उघड्या पडलेल्या असतात, आपण त्यांच्यावर मण्यांचा पाऊस पाडतो, कुठे पळणार. आणि कर्क्युमिनबद्दल डिशमध्ये जे जे छान दिसलं त्यातलं माणसात किती उतरलं हा वेगळाच दुखरा विषय आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेडिसिनल केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये एक मोठा आढावा आला होता, १२० हून जास्त क्लिनिकल ट्रायल्स झाल्या पण डबल ब्लाइंड, प्लॅसिबोवाली (म्हणजे खरं औषध कुणाला आणि खोटं कुणाला हे देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही माहीत नसलेली) एकही यशस्वी झाली नाही असं त्यात सरळ लिहिलेलं, मी तो लॅबमध्ये वाचला त्या दिवशी जेवले नव्हते. तेव्हा माझं मत असं झालं, अजूनही तसंच आहे, की डोली चांगली झालीच पाहिजे, पण आत बसलेला पाहुणा काय कामाचा हे वेगळं तपासावं लागतं. पोटातून घ्यायच्या बाबतीत काम बरंच पुढे गेलंय, जपानमधल्या थेराक्युर्मिन नावाच्या उत्पादनवाल्यांनी कर्क्युमिनचे बारीक कण घट्टी गममध्ये धरून ठेवले आणि २०११ च्या त्यांच्या अभ्यासात रक्तात साध्या पावडरीच्या २७ पट मिळालं. घट्टी गम म्हणजे आपला धावड्याचा डिंक, आई डिंकाच्या लाडवाला तोच आणते. हे तिला सांगितल्यावर ती एकदम खूश, "मग आपण आधीपासनंच नॅनो खातोय की." नाही आई. म्हणून कुणी हे वाचून जास्त डोसच्या गोळ्या सुरू करू नका, इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटवाल्यांना लिव्हरला सूज आल्याच्या बऱ्याच केसेस निघाल्या होत्या.

आता सगळ्यात मोठी तक्रार, आणि यात नॅनो-बिनो काही नाही, साधी अक्कल आहे. बाटली पारदर्शक. दिसायला सुंदर, सोनेरी दिसते शेल्फवर. पण कर्क्युमिन उजेडात उडतं हो! माझी बाटली बाथरूमच्या खिडकीत होती, सकाळचं ऊन तिथे तासभर येतं. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की खिडकीकडची बाजू फिकट लिंबू आणि भिंतीकडची बाजू अजून गर्द. बाटली फिरवली की रेघ दिसायची. मण्यांचं एक मुख्य काम म्हणजे आतल्या मालाला उजेड-हवेपासून सांभाळायचं, आणि इथे माल बाटलीतच पांढरा पडतोय. हेच अभ्र्याचं, डिटर्जंटने घासला तर लाल झाला, व्हिनेगरने परत पिवळा, शेवटी ओलाच गच्चीवर उन्हात टाकला तर दोन दिवसांत डाग गायब. खुद्द कंपनीच्या जेलपेक्षा आमच्या गच्चीने त्यांची टेक्नॉलॉजी चांगली तपासली.

परत घेईन का? ६४९ ला नाही. अडीचशेला कुणी याच पोताचं, हळद नसलेलं जेल विकलं तर घेईन, मॉइश्चरायझर म्हणून खरंच छान आहे, मेकअपखाली गोळे होत नाहीत, नणंदेने हळदीच्या आदल्या रात्री लावलं आणि दुसऱ्या दिवशी पार्लरवालीने बेस बसतोय छान म्हणून सांगितलं, तिचा एक स्टार मी यात धरलाय. कुणाला घ्यायचंच असेल तर दिवसा लावू नका आणि पांढरा अभ्रा वापरू नका.

कंपनीला मेल टाकलाय, साइजचा रिपोर्ट, कायटोसन कोळंबीचं की बुरशीचं, आणि पेटंट नंबर, तीनच प्रश्न. अकरा दिवस झाले, तुमची तक्रार नोंदवली आहे एवढंच उत्तर, तक्रार नव्हती खरं तर. रिपोर्ट आला तर इथेच एडिट करून टाकते, स्टार पण वाढवीन. तोवर बाटलीला फॉइल गुंडाळून फ्रिजच्या दारात ठेवलीय, लिंबाच्या लोणच्यामागे, आणि नवऱ्याने काल तिला मोहरीची चटणी समजून उघडली.